आजीच्या हातावरचे क्रूस

प्रोझोर गावच्या बसथांब्यावर लुत्सा बसची वाट पाहत बसली होती. शेजारी गावातली यान्याआजी आणि आजीची नात इवाना, भाचीच्या बाप्तिस्म्यासाठी स्वीडनहून आलेली.

“कातडीखाली यंत्र? कशाला गं?”

“चिप आहे, आजी. तांदळाच्या दाण्याएवढी. हात लावला की कामावरचं दार उघडतं.”

“म्हणजे तू कधी आलीस, कधी गेलीस, सगळं मालकाला कळतं?”

“कळतं की.”

“अगं, हातावर सैतानाची खूण घेणाऱ्यांचं काय होतं, ते शास्त्रात वाचलंयस ना? उद्या त्या हातांत बाळ द्यायचं नाही. बाप्तिस्म्याला बाळ धरायला धर्ममाता दुसरी बघू.”

“आणि तुझ्या हातावरचे हे निळे क्रूस? तेही टोचलेलेच ना?”

“ते माझ्या आईनं टोचले, काजळी नि दूध कालवून. कुणी पळवून नेलं, तरी पोर कुणाची ते कळावं म्हणून. तुझी चिप काय सांगते, तू कुणाची?”

“कंपनीची... नोकरी सोडली की काढून टाकतात.”

“निघते?”

“निघते.”

“माझे नाही निघत.”

बस आली. त्या दोघींचं ऐकत बसलेल्या लुत्साचा पाय निघेना. इवाना डोळे पुसत होती, आजीनं तिचा हात हातात घेतला.

“रडू नकोस, बये. बाळाला तूच धर. खालून माझे हात राहतील.”