आईची टेस्ट

कर्जतच्या दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी उभ्या होत्या.

“झोप येत नाय, एवढंच सांग गं दीक्षा.”

“रडू येतं, तेही सांगणार आहे मी, आई.”

“तुझ्या एमएच्या प्रॅक्टिकलला माझी मनाची टेस्ट घेतलीस, तवा तर मी सगळ्या प्रश्नांला नाय म्हटलं.”

“का पण?”

“तुझे मार्क कापतील असं वाटलं. म्हणतील, पोरगी मनाची डॉक्टर व्हायला निघाली आनि आईच अशी.”

“मला माहीत होतं.”

“काय?”

“तू खोटं सांगत होतीस ते. मोरीत नळ सोडून रडायचीस, मला ऐकू यायचं.”

“मग वहीत काय लिवलंस?”

“नॉर्मल. दुसऱ्या दिवशी जर्नल द्यायचं होतं.”

“मार्क मिळाले ना?”

“मिळाले.”

“मग झालं तर. हो पुढं, रांग सरकली.”