आर्सेनोचा गुडघा

...आणि वर मलाच विचारतात, ‘व्हर्ना, कॉफीला एवढा वेळ का लागतोय?’ का लागतोय म्हणजे? अरे, तुम्ही दोघांनी माझ्या ओट्यावर मीठदाणी एका बाजूनं पळवलीय, मिरपूड दुसऱ्या बाजूनं तिच्या मागे लावलीय, मध्ये साखरेचा डबा चेंडू टाकायला उभा केलाय, आता मी कॉफीत काय घालू, तुमचं डोकं? आणि ती मिरपूड कोण, तर म्हणे टायरेल आर्सेनो! तुम्हाला सांगते, जो माणूस आमच्या टीमकडून एक मिनिटभरही खेळला नाही, ज्यानं आमच्या गावाचं पाणीसुद्धा चाखलं नाही, तो गेले कित्येक आठवडे रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर धावतोय. आणि धावतोय म्हणजे काय, शेजारच्या चेटच्या हातात असला की वेळेवर पोचतो आणि माझ्या नवऱ्याच्या, एमिलच्या हातात असला की आडवा पडतो. झाकण उघडतं. सगळीकडे मिरपूड!

तक्रार नाही हं माझी. नुसतं सांगतेय.

आता आर्सेनो हा सेफ्टी, आणि आमच्या हातानं खेळायच्या फुटबॉलमध्ये सेफ्टी म्हणजे काय हे पिट्सबर्गात पाळण्यातल्या पोरालाही सांगावं लागत नाही, पण तुमच्यात कुणी बाहेरचं असेल तर... अहो, सगळ्यात मागे उभा राहतो तो. पुढचे सगळे गडी चुकले की यानं चुकायचं नाही, एवढंच काम. समोरचा चेंडू घेऊन सुटला की आडवा करायचा, लांबवर चेंडू फेकला की तो कुठे पडणार ते आधी ओळखायचं. तर मार्चमध्ये आमच्या टीमनं काय केलं, पुढच्या भरतीतला एक चांगला नवा पोरगा निवडायचा आपला हक्क देऊन टाकला आणि त्याच्या बदल्यात हा आर्सेनो घेतला. लुइझियानाचा आहे, खेळतही तिकडेच होता. दिसायला गोड आहे, हसला की गालाला खळी पडते, पण खळीचा विषय काढला की ही दोन माणसं माझ्याकडे अशी बघतात की जणू मी चर्चमध्ये शीळ घातली.

पण थांबा, आधी खुर्चीचं सांगायला हवं. खुर्चीशिवाय काही कळायचं नाही.

आमचा एमिल आणि शेजारचा चेट बिएल्स्की, दोघं एका शाळेत, एका गिरणीत, निवृत्तसुद्धा एकाच दिवशी. पोलादाची गिरणी हो, कापडाची नव्हे. आमची मागची पडवी आणि त्यांची मागची पडवी यांच्यामध्ये एक कठडा आहे, त्यावर दोघांच्या कोपरांचे खळगे पडलेत इतकी वर्षं तिथे टेकून बोलणं चाललंय. चेटची बायको गेली तेव्हापासून तो रविवारी जेवायला आमच्याकडेच. तर जानेवारीत तो मोठा बर्फ पडला. एमिलनं कंबरेला पट्टा बांधून सकाळभर फावडं मारलं, घरासमोर रस्त्यावर गाडीपुरती जागा मोकळी केली आणि डॉक्टरकडे जायचं होतं म्हणून जागा राखायला तिथे खुर्ची ठेवली. आमची ती जुनी पिवळी, एका पायाला चिकटपट्टी गुंडाळलेली. आता आमच्या टेकडीवर चोर घरात शिरेल, पण बर्फातल्या खुर्चीला हात लावणार नाही. आम्ही परत येतो तर काय, खुर्ची फुटपाथवर आणि जागेत चेटच्या मुलीची गाडी!

चेट म्हणतो, ‘पोरगी तान्ह्या बाळाला घेऊन आली होती, घसरली असती. आणि परक्याची खुर्ची असती तर मी हात लावला असता का? एमिलची होती म्हणून हलवली.’ एमिल म्हणतो, ‘परक्यानं हलवली असती तर मी त्याला माफ केलं असतं.’ झालं! तुम्ही हसताय, पण त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. कठड्यावर कुणी नाही. खुर्ची तळघरात.

आणि मग आमच्या घरात जी शांतता पसरली ना... लोकं म्हणतात, नवरा बोलत नाही तर बरंच की, आराम आहे. अहो, कसला आराम! सकाळी उठायचा, खिडकीशी बसायचा, जेवताना ‘छान झालंय’ म्हणायचा. छान झालंय! एमिल! ज्यानं आमच्या लग्नाच्या जेवणातसुद्धा कोबी कच्चा काढला होता! मी घाबरले हो. खरंच सांगते, मी घाबरले. माझे वडील असेच गप्प होत होत एक दिवस गेले. रात्री हा झोपला की मी श्वास ऐकायची.

आणि अशात तो आर्सेनो आला. म्हणजे आला नाही, रेडिओवर आला. एमिल खिडकीशी. बातमी लागली, हा ताडकन उठला. ‘काय? त्याला? त्या मिठ्या मारणाऱ्याला?’ म्हणाला. खिडकीतून पलीकडच्या पडवीकडे बघितलं. तिकडे चेट बाहेर आलेला, रेडिओ कानाशी, आमच्या खिडकीकडे बघतोय! मला वाटलं, चला, सुटली गाठ. कसली सुटते? दोघांनी माना फिरवल्या. एमिल आत आला आणि मला म्हणाला, ‘व्हर्ना, तिकडे पिएरोगी द्यायच्या असतील ना?’ मी म्हटलं, कसल्या पिएरोगी? बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्याच हो त्या. म्हणाला, ‘असतील. जा. आणि गेलीच आहेस तर सांग त्याला, हा पोरगा समोरच्याला पाडत नाही, मिठी मारून निरोप देतो.’

गेले. सांगितलं. चेटनं पिएरोगीकडे बघितलंसुद्धा नाही. ‘त्याला सांग, याला पाडायची वेळच येत नाही, चेंडू पडायच्या आधी हा तिथे उभा असतो. चेंडू फेकणाऱ्याचे डोळे वाचतो तो, डोळे!’ मी परत आले. डोळे वाचतो म्हणतोय. ‘डोळे? त्याला म्हणावं, तू आधी चष्मा लाव आणि त्या पोराचे पाय बघ.’ परत गेले. ‘चष्मा? त्याला म्हणावं...’ तुम्हाला सांगते, पडवीच्या पायऱ्या उतरून चढून माझी पोटरी दगडासारखी झाली. आणि निरोप जसाच्या तसा थोडाच द्यायचा? इकडून ‘त्या गाढवाला सांग’ निघायचं, तिकडे पोचेपर्यंत ‘एमिलचं जरा वेगळं मत आहे’ व्हायचं. तिकडून ‘तो म्हातारा रेडा’ निघायचा, इकडे ‘चेट विचार करतोय’ म्हणून पोचायचा.

आणि एक दिवस निरोप देऊन निघाले तर एमिल हळूच म्हणाला, ‘तो अजून खोकतोय का? विचारू नकोस. नुसतं बघून ये.’ मी गेले तर तिकडे चेट दार लावता लावता विचारतोय, ‘पट्टा बांधतो का तो कंबरेला? मी विचारलं असं सांगू नकोस.’ आता काय करायचं अशा माणसांचं! मी दोघांनाही सांगितलं, हो. खोकतोय. बांधतो. आणि घरी येऊन कांदा चिरायला घेतला, कारण मला कांदा चिरायची गरज होती.

तक्रार नाही हं माझी. नुसतं सांगतेय.

मग आला तो शुक्रवार. लेंटचे दिवस, ईस्टरच्या आधीचे उपवासाचे, म्हणजे दर शुक्रवारी आमच्या चर्चच्या तळघरात मासे तळायचे आणि अख्ख्या टेकडीनं येऊन खायचे. तळायला वर्षानुवर्षं एमिल आणि चेट, शेजारी शेजारी. यंदा दोघांनी फादर ओंड्रेंना वेगवेगळं गाठून कढया हलवून घेतल्या, एकाची या भिंतीला, दुसऱ्याची त्या भिंतीला, मध्ये कोबीच्या कोशिंबिरीचं टेबल. मी पुढे ताटं भरायला. रांग दारापर्यंत. आणि रांगेतला पहिलाच माणूस, आमचा पोस्टमन डॉमिनिक, ताट पुढे करतो आणि म्हणतो, ‘ऐकलंस का व्हर्ना? आर्सेनोला डॉक्टरांनी नापास केला. गुडघा. सौदा मोडला, तो आता येत नाही.’

माझ्या हातातला झारा तसाच राहिला हो. येत नाही? आणि मग मी कशासाठी पायऱ्या उतरू? कसला निरोप नेऊ? त्या दोघांमध्ये एवढा एकच तर धागा उरला होता, आणि तोही कुणा अनोळखी पोराच्या गुडघ्याला बांधलेला! मला पुढचं सगळं दिसलं. खिडकी. ‘छान झालंय.’ मी डॉमिनिकच्या ताटात माशाचा आणखी एक तुकडा टाकला आणि म्हटलं, हे खा आणि तोंड उघडायचं ते खायला. तो गेला. मागची बाई म्हणाली, ‘अगं व्हर्ना, तो सेफ्टी...’ टाकला तुकडा. तिच्या मागे तिचा नवरा, ‘गुडघा म्हणे...’ दोन तुकडे. बघता बघता बातमी रांगेत पसरली आणि हेही पसरलं, की आर्सेनोचं नाव काढलं की व्हर्ना जास्त वाढते! मग काय विचारता, ज्यांना फुटबॉल गोल असतो की लांबट ते ठाऊक नाही, तीसुद्धा येऊन कुजबुजायला लागली, ‘आर्सेनो... आर्सेनो...’ मागून एमिल ओरडतोय, ‘मासे जातायत कुठे?’ तिकडून चेट म्हणतोय, ‘व्हर्ना, त्याला सांग, माझेही संपत आलेत!’ मी म्हटलं, लोकांना भूक लागलीय, तळा!

सगळ्यांची तोंडं मी बंद केली. पण फादर ओंड्रे मासे आधीच जेवून बसलेले! त्यांच्या तोंडात काय घालणार? उठले, माईक घेतला, आजाऱ्यांची नावं घेतली, म्हाताऱ्या बायकांची दुखणी घेतली आणि मग म्हणतात, ‘आणि त्या आर्सेनो नावाच्या मुलाच्या गुडघ्यासाठीही आपण प्रार्थना करूया. तो आपल्याकडे येणार होता, आता येत नाही. देव त्याला बरं करो.’

सगळं तळघर म्हणालं, आमेन. मी नाही म्हणाले. मी मागे वळून बघत होते. एमिल कढईत बघत उभा. चेट त्याच्या कढईत बघत उभा. तेल उकळतंय. मासे करपतायत. मला वाटलं, संपलं.

आणि चेटनं झारा ठेवला. कोबीच्या टेबलावरून, मला न विचारता, माझ्यामार्फत न पाठवता, थेट म्हणाला, “गुडघा? तू कधी गुडघ्याचं बोलला होतास का रे?”

एमिलनं मान वर केली. “मी पायांचं बोललो होतो. गुडघा कुठे असतो मग, कानात?”

“पाय म्हणजे तू वेग म्हणत होतास!”

“तुला वेगळं ऐकू आलं असेल. निरोप कोण आणत होतं ते बघ ना!”

घ्या! म्हणजे शेवटी खापर माझ्यावर. आणि मी? मी कोशिंबिरीच्या पातेल्याशी उभी राहून ढसाढसा रडत होते आणि लोकांना सांगत होते, कांदा आहे, कांदा. कुणीतरी म्हणालं, व्हर्ना, यात कांदा नाहीये. त्यालाही एक तुकडा वाढला, करपलेला. त्या दिवशी सगळ्यांनी करपलेलं खाल्लं आणि देवाशप्पथ, एकानंही नाव ठेवलं नाही.

दोघं भांडत भांडतच टेकडी चढले, मी मागून रिकामी पातेली घेऊन. चेट आमच्या दारात अडखळला. आत यावं की नाही. एमिल तळघरात उतरला, कंबर दुखत असताना ती पिवळी खुर्ची वर घेऊन आला, स्वयंपाकघरात मांडली, हातानं पुसली.

“बस,” म्हणाला. “पण हलवू नकोस.”

चेट बसला. मी कॉफी चढवली. मग चेट म्हणाला, ‘तरी तो डोळे वाचतो.’ आणि सुरू!

तेव्हापासून रोज. आता तुम्ही म्हणाल, जो आलाच नाही त्याच्यावर किती दिवस बोलणार? तीच तर गंमत आहे! आला असता, खेळला असता, तर एका हंगामात निकाल लागला असता, हा बरोबर की तो. आता निकाल लागायचाच नाही! तिकडे जुन्या टीममध्ये चांगला खेळला तर चेट म्हणणार, ‘बघ, घालवला हिरा.’ आणि एमिल म्हणणार, ‘तिकडच्या उन्हात ठीक आहे, आमच्या थंडीत गोठला असता.’ वाईट खेळला तर एमिल म्हणणार, ‘वाचलो,’ आणि चेट म्हणणार, ‘मन मोडलं पोराचं, आपण ठेवला असता तर बघायचं होतंस.’ मरेपर्यंत पुरेल हो एवढं!

मी दर रविवारी त्या गुडघ्यासाठी एक मेणबत्ती लावते. खरंच लावते. त्या लेकराला ठाऊकही नाही की इथे एका टेकडीवर त्याच्या नापास झालेल्या गुडघ्यानं दोन म्हाताऱ्यांना उभं केलंय. बरा हो रे बाबा, खूप खेळ, तुझ्या आईच्या डोळ्यांसमोर खेळ. फक्त इकडे येऊ नकोस.

एमिल परवा म्हणाला, कोबी कच्चा आहे. तुम्हाला सांगते, इतकं बरं वाटलं मला!

पण ओट्याशी मला उभं राहायला जागा नाही हे मात्र खरं. काल शेवटी मी काय केलं, भाजी आणायला जाताना शेगडीसमोर स्वयंपाकघरातलीच एक खुर्ची आडवी लावून गेले. म्हटलं, या टेकडीवर हिला कुणी हात लावायचा नाही, ही माझी जागा. परत येते तर खुर्ची दारात, मीठदाणी शेगडीवर आणि मिरपूड जमिनीवर. मी विचारलं, खुर्ची कुणी हलवली? एमिल म्हणतो, चेटनं नाही. चेट म्हणतो, एमिलनं नाही.

तक्रार नाही हं माझी.