ताईंची हजेरी

आमच्या उल्हासनगरच्या रविवारच्या कॉलेजची गंमत ऐका. नोकरीवाल्यांसाठी तिथे स्टोअर मॅनेजमेंटचा डिप्लोमा आहे. माझ्याबरोबर बदलापूरच्या सुनंदाताई होत्या. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी अठरा वर्षं स्टोअर सांभाळलं, पण डिप्लोमा नाही म्हणून त्यांना सुपरवायझर करत नव्हते.

शिकवायला एक तरुण सर होते. त्यांनी गोदामात कधी पाय ठेवलेला नव्हता. एकदा म्हणाले, “जुना माल आधी बाहेर काढायचा.”

ताईंनी विचारलं, “सर, जुना माल मागे अडकला असेल तर?”

“ते पुढच्या सेमिस्टरला आहे.”

झालं! आम्ही सगळे तक्रार घेऊन प्रिन्सिपलकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, “मग ताई, तुम्हीच शिकवा ना!”

ताई आधी लाजल्या, पण मग त्यांनी असं शिकवलं की वर्गात कुणी डुलकी घेईना.

परीक्षेच्या तोंडावर क्लार्कने ताईंना बोलावलं. “मॅडम, तुमची हजेरी कमी आहे. परीक्षेला बसता येणार नाही.”

“अहो, मी वर्गातच होते, शिकवत होते!”

“तेच ना! विद्यार्थी म्हणून गैरहजर.”

ताईंचा चेहरा पडला. आम्ही भांडायला लागलो, तेवढ्यात ते तरुण सर पुढे आले. म्हणाले, “त्या सगळ्या तासांना ताईंच्या बाकावर मी बसलो होतो. माझी हजेरी त्यांच्या नावावर लावा.”

क्लार्कने हसत ताईंच्या हॉल तिकिटावर शिक्का मारला आणि विचारलं, “आणि सर, तुम्ही परीक्षेचा फॉर्म कधी भरताय?”