बुडत नाही ते लाकूड

तुमाले हसू येऊन राह्यलं, पण त्या दिवशी मी मेलोच होतो. भाऊजींनी, म्हणजे माह्या बहिणीच्या नवऱ्यानं, मासे धराले जुनी फायबरची नाव घेतली. इंजिन जिच्यावर टांगतात ती मागची फळी पार सडली होती. भाऊजी पडले तेलंगणातल्या निर्मलचे, जिथं हलक्या लाकडाची रंगीत खेळणी बनतात. त्यायनं खेळण्याचं लाकूड आणून बसवलं, वरून रंगीत पोपटही काढले. "लय हलकं हाये, बुडतच नाही," म्हणे.

धरणाच्या मधात गेलो अन् फळी कुरकुर करत वाकू लागली. इंजिनाचे बोल्ट लाकडात रुतून राह्यले होते. मले तर पोहता येत नाही. मी वरडलो, "भाऊजी, इंजिन बंद करा!"

"बंद केलं तर परत चालू होत नाही. तू धरून बस त्याले!"

त्या तापलेल्या इंजिनाले मिठी मारून मी देवाचं नाव घेत राह्यलो. फटीतून आलेलं पाणी घोट्याले लागत होतं. नाव काठाले टेकली अन् फळी कडकन मोडली. इंजिन गेलं गाळात.

भाऊजींनी तरंगत्या पोपटांकडं बोट केलं. "पाह्य, म्हटलं होतं ना, बुडत नाही!"