ओळखा, बाळाचं वजन किती

सेक्रेटरी : मॅडम, फक्त पाच मिनिटं. बाळाला काहीच करायचं नाहीये, नुसतं काट्यावर बसायचंय.

मॅडम : भोपळ्याचं काय झालं ते आधी सांग.

सेक्रेटरी : फुटला. टेबलावरून गडगडत थेट प्राचार्यांच्या बुटांवर. कॉलेजच्या मदत-जत्रेत दोनशे जणांनी तिकीट काढलंय, ‘वजन ओळखा, सायकल जिंका’, आणि आता वजन करायला नुसत्या बिया उरल्यात.

मॅडम : एक भोपळा सांभाळता येत नाही तुम्हाला?

सेक्रेटरी : आम्हा विद्यार्थ्यांना भोपळे मिळवायची सवय आहे, मॅडम, सांभाळायची नाही. तुमच्याच संख्याशास्त्राच्या पेपरात...

मॅडम : पुरे. माझं बाळ म्हणजे काही भाजी नाही.

सेक्रेटरी : भाजी कुठली, हिरो आहे तो! रांग बघा, पार कँटीनपर्यंत गेलीय. पैसे परत द्यावे लागले तर वृद्धाश्रम, अंधशाळा, फिरता दवाखाना, सगळ्यांच्याच देणग्या बोंबलल्या. सिस्टर, तुम्ही तरी सांगा ना! काटा तुमच्याच दवाखान्याचा.

सिस्टर : काटा तान्ह्या मुलांचाच आहे. भोपळाच त्यावर उपरा होता. अगं, दे की. सावली आहे, खाली मऊ दुपटं घालते.

मॅडम : एवढी गर्दी. कोणी शिंकलं तर?

सेक्रेटरी : (रांगेकडे वळून, ओरडून) ए, शिंकणाऱ्यांनी बाहेर व्हा! ...बघा, तिघं गेले.

सिस्टर : कितवा महिना चालू आहे?

मॅडम : दहा पूर्ण झाले. वर चार दिवस.

सिस्टर : मागचं वजन?

मॅडम : सहा किलो सहाशे.

सिस्टर : हे कधीचं?

मॅडम : आठव्या महिन्यातलं.

सिस्टर : मध्ये केलंच नाही?

मॅडम : आधी त्याला सर्दी होती. मग मला पेपर तपासायचे होते. मग... सिस्टर, दीड किलोचा जन्मलाय हो. डॉक्टर म्हणाले, दहा महिन्यांपर्यंत सात पार झाला पाहिजे, नाहीतर दाखल करायचं. सगळ्या तपासण्या, सुया. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि गाडी वळवून घरी आले.

सिस्टर : काट्याला घाबरून वजन वाढत नसतं, पोरी. आणि कमीही होत नसतं.

सेक्रेटरी : मॅडम, मला हे माहीतच नव्हतं. राहू द्या. वॉचमनकाका तयार आहेत बसायला.

सिस्टर : अरे, काटा वीस किलोचा आहे!

सेक्रेटरी : मग काकांचा एक पाय ठेवू.

मॅडम : थांब. दे अंदाज लिहायच्या चिठ्ठ्या वाटायला. पण पुढे कोणी येणार नाही. आणि गाल ओढायचे नाहीत. कोणीही.

सेक्रेटरी : गालांना मी स्वतः पहारा देतो!

मॅडम : तूच मगाशी ओढलास. बघत होते मी.

सेक्रेटरी : ...चिठ्ठ्या आणतो.

सिस्टर : मोजे काढ त्याचे. टोपीपण. काय रे लबाडा, हसतोस काय? आईच्या तोंडचं पाणी पळालंय आणि हा बघा.

सेक्रेटरी : आल्या चिठ्ठ्या! एकाने तीस किलो लिहिलेत.

मॅडम : कोण तो?

सेक्रेटरी : पूल बांधायला शिकतोय.

मॅडम : नाव विचारून ठेव. त्याच्या पुलावरून जायला नको.

सेक्रेटरी : एकीने लिहिलंय, ‘एकूण माहीत नाही, पण गाल एकेक किलोचा.’ आणि मॅडम, मी मध्यक काढला, सगळे अंदाज ओळीने लावून बरोब्बर मधला, तुम्ही शिकवलात तस्साच. तो तीस किलोवालासुद्धा त्याला हलवू शकला नाही. सात किलो दोनशे!

मॅडम : मध्यकाला काय कळतंय? परवा त्याला जुलाब झाले होते.

सिस्टर : चला, ठेवते हं. हळू... बस रे राजा.

सेक्रेटरी : मॅडम, माझं आयकार्ड धरलं त्याने! दोरीसकट ओढतोय, मान... मान...

मॅडम : सोडव आधी! तुझं वजन त्याच्यात नको.

सिस्टर : दोघंही हलू नका. आकडा थरथरतोय.

सेक्रेटरी : सगळं मैदान गप्प झालंय, मॅडम. परीक्षेतसुद्धा एवढी शांतता नसते.

सिस्टर : थांबला. सात किलो... तीनशे वीस.

सेक्रेटरी : सात-तीनशे-वीस! ऐका हो, सात-तीनशे-वीस! कोणाचं जवळ आहे बघा रे! कँटीनवाल्या काकू! काकूंनी सात-तीनशे लिहिलंय! अहो, त्या खुर्चीवर चढल्या! प्राचार्य शिट्टी मारतायत, मॅडम, त्यांना शिट्टी येते! सायकल आणा रे, सायकल!

सिस्टर : गेला धावत. घे, पोरी, उचल आता. आणि डोळे पूस, सगळं त्याच्या टाळूवर पडतंय.

मॅडम : सिस्टर, अजून एकदा वजन कराल?

सिस्टर : कशाला? काटा चोख आहे आमचा.

मॅडम : काट्याचं नाही हो. मगाशी मी डोळे मिटून घेतले होते.