सड्यावरची काचफुलं

तपकिरी? कुठं तपकिरी? ओ मॅडम, नीट बघा — खिडकीत धरा, हां, अशी. सीतेची आसवं हायत ती, निळी-जांभळी, गणपतीच्या आसपास आपल्या सड्यावर येतात ती. तुम्ही रत्नागिरीला कॉलेजात झाडंपानं शिकवता, मी सातवीत शाळा सोडली, मान्य — पण ही फुलं मी पुस्तकात नाय बघितली. गुरं राखलीत त्या कातळावर, पालथा पडून बघितलीत. बोटभर पाणी साचलेलं नि त्यात ही एवढी एवढी, नखाएवढी. लोक तुडवत जातात नि वर म्हणतात, सडा ओसाड. ओसाड काय ओसाड! म्हणून तर काचेची फुलं करायचं हे तुमचं काम घेतलं — पोरं बारा महिने बघतील म्हणून. फुलांखाली बसवायचा जांभ्या दगडाचा चिरासुद्धा मी स्वतः निवडून आणलाय.

आधीची अकरा फुलं पसंत पडली ना? तेव्हा फोन करून कौतुक कोणी केलं? तुम्हीच. मग हे बारावंच कसं चुकेल? हात तोच, बर्नर तोच. तीस वर्षं मुंबईला काचेच्या कारखान्यात काढलीत — प्रयोगशाळेच्या नळ्या, चंबू — केसाएवढा फरक पडला की माल परत. माझा एक परत नाय आला. आणि बर्नरवर हा गुलाबी चष्मा लागतो, त्याशिवाय ज्योतीच्या पिवळ्यात काच दिसतच नाय, तर त्यातून रंग जरा इकडचा तिकडं — नाय, चुकलं नाय म्हणतो मी! गडद झालं असेल थोडं, बस.

डोळे? डोळ्यांचं काय मध्येच? चांगले हायत. ते बघा, तुमच्या मागं भिंतीवर कॅलेंडर हाय. हाय ना? तारीख नका विचारू. जन्मभर ज्योतीसमोर बसल्यावर मोतीबिंदू कोणाला होणार नाय? डोळ्यांच्या शिबिरात पण गेलो होतो, माझा नंबर यायच्या आधी चहा पिऊन येतो सांगून सटकलो. हसू नका. आमचे भिकू मिस्त्री — माझा हात धरून त्यांनी मला काच फुंकायला शिकवली — कारखान्याच्या डॉक्टरनी त्यांचे डोळे तपासले, नि दुसऱ्या दिवशी त्यांना खोके बांधायला बसवलं. मरेपर्यंत ज्योत लावू दिली नाय त्या माणसाला. ऑपरेशन सोपं झालंय हो, माहिताय मला. पण एकदा कागदावर लिहिलं ना, हरिश्चंद्रला दिसत नाय, की संपलं सगळं. मग तुम्ही दिलं असतं का हे काम? बोला ना. भीती वाटते मला, काय समजलात? म्हणून घरात पण बोललो नाय. आमच्या बायकोला, दर्शनाला, अजून पत्ता नाय.

ती इथं असती तर तिनंच तुम्हाला सुनावलं असतं. डोंबिवलीला गेलीय, आमच्या अक्षयाला मुलगा झाला — झाले आता पंधरा दिवस. हे फूल त्यानंतरचं, एकट्यानं केलेलं. म्हणजे सगळी एकट्यानंच करतो हो — ती काय, सकाळी विचारते आज कोणतं फूल, नि रंगीत काचेच्या कांड्या ओट्यावर मांडून देते. देठाची पहिली, मग पाकळीची, मग आतल्या ठिपक्याची. मी नुसता हात लांब करायचा. मी म्हणायचो, काय गं, मी काय कुकुलं बाळ हाय? तर म्हणायची, पसारा होतो तुमचा, मलाच आवरावा लागतो.

कधीपासून मांडते? आता काय सांगू — शिमग्यापासून असेल. त्याआधी नाय. त्याआधी ती काचेला हात पण लावत नव्हती, तुटेल म्हणून लांब उभी राहायची.

शिमग्यापासून.

तुमची पहिली फुलं त्यानंतरचीच. अकराच्या अकरा…

नाय, काय नाय मॅडम. पाणी नको. ते फूल ठेवा तिथं. असेल तपकिरी. पण काम दुसऱ्याला द्यायचं नाय, सांगून ठेवतो! दुसरं करून देतो, जांभळं, ह्याच हातानं — ती आली की. आणि तिचा फोन आला तर यातलं अक्षर बोलायचं नाय. तिला वाटतंय ना मला कळलं नाय — तसंच वाटू दे. चला, निघा आता. एसटी जाईल तुमची.