खाटकाची बोटं आणि बाबांची गिटार

…आणि वर मलाच विचारतात, बोटं कशानं सोलवटली म्हणून. आता काय सांगायचं? अहो, मी खाटिक, आमच्या लुके गावच्या बाजारात अख्खी हयात सुरीशी खेळण्यात गेली, सुरीनं कधी साधा ओरखडा काढला नाही, आणि या सहा तारांनी डाव्या हाताची अशी दैना केली की परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, क्रिस्पीन, कलेजी दे, पण तुझ्या बोटांपासून जरा लांबची दे. बघा, नीट बघा ही बोटं. ही काय गिटारीवर ठेवायची बोटं आहेत? एका तारेवर एक बोट ठेवावं तर ते आडदांडासारखं शेजारच्या तारेवरही पसरतं, की ती तार मुकी. आणि हे कुठं, तर लुकेत… जिथं दर दोन गल्ल्यांआड कुणीतरी गिटारी बनवत बसलेलं असतं, जिथं न्हाव्याला वाजवता येतं, पाद्र्याला येतं, पोस्टमनला येतं. येत नाही ते एका माणसाला. आणि तो डॉन अनास्तासियोचा एकुलता एक मुलगा, म्हणजे मी.

आमचे बाबा म्हणजे दिवसा शिंपी आणि दिवस मावळला की गिटारवाले. मग मी का नाही शिकलो? अहो, घरात एक वाजवणारा असला की दुसऱ्यानं खुर्च्या उचलायच्या असतात. मी उचलल्या. सुखात होतो. तर मागच्या उन्हाळ्यात बाबांची डावी बाजू गेली. सकाळी तेरेरेचा, म्हणजे आमच्या गार चहाचा, पेला घ्यायला गेले तर हात उचललाच गेला नाही. तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, एकेक शब्द जिना चढून यावा तसा यायला लागला, म्हणून मग ते शब्द जपून वापरायला लागले. आणि माझ्या वाट्याला त्यातला एकच आला. ‘परत.’

सुरुवात कशी झाली सांगतो. आमच्याकडे मातृदिनाच्या आदल्या रात्री बायकांच्या खिडकीखाली जाऊन सेरेनाता वाजवायची असते. बाईनं काय करायचं, तर अंधारात झोपेचं सोंग घ्यायचं आणि दुसऱ्या गाण्याला दिवा लावायचा. लग्न झाल्यापासून बाबांनी आईची एक सेरेनाता चुकवली नाही. पावसात वाजवली, तापात वाजवली, ज्या वर्षी दोघं एकमेकांशी बोलत नव्हते त्या वर्षीही वाजवली. यंदा आई आपणहून शेजारणीला सांगत होती, आता कसली सेरेनाता, म्हाताऱ्या बाईला झोप महत्त्वाची. हे खिडकीतून बाबांनी ऐकलं आणि त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. चमचा पुढे केला की तोंड भिंतीकडे. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नळी घालावी लागेल.

मी म्हटलं, बाबा, तिघं चांगले वाजवणारे आणतो, हार्पवालाही आणतो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू आईसाठी भाड्यानं नवरा आणतो म्हणालो. मग उजव्या हातानं खुंटीवरची गिटार दाखवली. मग माझ्याकडे बोट केलं. आणि मी, गाढव, म्हणालो, बरं, पण आधी सूप प्या.

प्यायले हो. सगळं प्यायले. आणि मी अडकलो.

तुम्हाला सांगतो, गिटार शिकणं म्हणजे आपलाच हात दुसऱ्याचा आहे हे रोज नव्यानं कळणं. पहिली कॉर्ड आली, म्हणजे दोन-तीन तारा दाबून एकदम काढायचे सूर. दुसरी आली. मग आली ‘फा’. पहिलं बोट काठीसारखं आडवं टाकून सगळ्या तारा एकदम दाबायच्या, आणि बाकीची बोटं त्याच वेळी वेगळ्या कामाला. कोणी शोधलं हे? माणसांसाठी शोधलं का? मी दाबतोय, दातओठ खातोय, मनगटाला गोळा आलाय, आणि आवाज काय येतो, तर ओल्या गोणपाटावर काठी मारल्यासारखा. आणि बाबा म्हणतात, ‘परत.’

डाव्या हाताची ही कथा, तर उजवा हात त्याहून नालायक. आमच्याकडच्या गाण्यांची चाल, ग्वारानिया, संथ असते, त्यात अंगठा एक चालतो आणि बोटं भलतंच चालतात. माझा अंगठा बोटांची वाट बघत थांबायचा, बोटं अंगठ्याची, आणि गाणं दोघांची. माझी बायको झुनिल्दा म्हणाली, ‘हे बघ, मी तुझ्यावर प्रेम करते, पण कोंबड्यांनी अंडी घालणं थांबवलंय.’ मी म्हटलं, कोंबड्यांना सांग, मे महिन्यातल्या मातृदिनापर्यंत कळ काढा. बरं, हे सगळं आईपासून लपवून. लपवून म्हणजे काय, तर पत्र्याचं घर, ती स्वयंपाकघरात, आम्ही मागच्या पडवीत. तिला सांगितलं होतं, मागे सुतार लावलाय, आणि ती रोज विचारायची, ‘क्रिस्पीन, त्या सुताराचं काम अजून चाललंय का रे?’ मी म्हणायचो, हो आई, चाललंय. आणि बाबा म्हणायचे, ‘परत.’

एप्रिल संपत आला तेव्हा मी हरलो. खरंच हरलो. दुपारी गिटार त्यांच्या मांडीवर टेकवली आणि म्हटलं, बाबा, नाही जमत. तुमचा मुलगा मांस कापतो, चांगलं कापतो, तेवढ्यावर समाधान माना. मी दांडीवरचा हात काढणार, तेवढ्यात त्यांनी उजवा हात तारांवर आणला आणि छेडलं. माझी बोटं अजून पहिल्या कॉर्डवर होती… आणि अहो, वाजलं. तीच गिटार, तीच माझी जाड बोटं, पण वाजलं, जसं लहानपणी अंथरुणात पडून ऐकायचो तसं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. मग मी कॉर्ड बदलली. त्यांनी छेडली. मग मी ‘फा’ धरली. ओलं गोणपाट. ‘परत.’

तर ठरलं. डावा हात माझा, उजवा त्यांचा. पण बसायचं कसं? एका लांब बाकावर ते पुढे, मी त्यांच्या मागे, दोन्ही बाजूंना पाय टाकून, मोटरसायकलवर मागे बसतात तसा. माझा डावा हात त्यांच्या हाताच्या जागी, हनुवटी त्यांच्या खांद्यावर. या वयात, या पोटासकट. पहिल्यांदा ते माझ्या छातीवर रेलले. हा माणूस इतका हलका कधी झाला? रोज अर्धा बोकड खांद्यावर टाकणारा मी, मला वजन कळतं हो… कळतं म्हणूनच त्या दिवशी मी पुढं काही कुरकुर केली नाही. दुसऱ्या दिवशी केली.

आणि आला तो दिवस. आता अडचण अशी, की औषधामुळे बाबा दिवेलागणीलाच झोपतात. मध्यरात्रीची सेरेनाता त्यांना कुठून झेपणार? म्हणून आम्ही भिंतीवर ऊन असतानाच निघालो. झुनिल्दानं बाक उचलला, मी बाबांना, आणि खिडकीखाली मांडामांड झाली. समोरच्या ओट्यावर शेजारीपाजारी खुर्च्या घेऊन हजर. आणि आई? तुम्हाला सांगतो, ढळढळीत उजेडात ती बाई खिडकीचे दरवाजे लोटून, गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन झोपली होती. मी फटीतून बघितलं. पायात चपला होत्या.

सुरू केलं. पहिली कॉर्ड गेली, दुसरी गेली, आणि समोर ‘फा’. माझं बोट पोचलं नाही. साफ चुकलं. मला वाटलं, झालं, गेली अब्रू. पण बाबांचा हात तारांवर अधांतरी थांबला. नुसता थांबला. त्यांना घाई नव्हती. मी बोट सारलं, मनगट वळवलं, सगळी गल्ली श्वास रोखून, कुत्रंसुद्धा गप्प… आणि बोट बसल्याचं त्यांना कसं कळलं कोण जाणे, त्यांनी छेडलं. पुढच्या ‘फा’ला परत तेच. त्याच्या पुढच्यालाही. ती ग्वारानिया मुळातच रडवी, आम्ही तिला इतकी लांबवली की समोरच्या म्हातारीनं मध्येच जाऊन चुलीवरचं भांडं उतरवून आणलं.

आईनं दुसऱ्या गाण्याची वाट बघितली नाही. दुसरं गाणं आम्हाला येतच नव्हतं, ते तिला ठाऊक असणारच. तिनं खिडकी उघडली, भर उजेडात दिवा लावला आणि कठड्यावर ठेवला. मग बाहेर आली, बाबांसमोर उकिडवी बसली आणि त्यांचा निर्जीव डावा हात हातात घेतला. बाबांचा चेहरा मला दिसत नव्हता, मी मागे होतो. नुसता खांदा हलताना कळत होता.

शेवटी तिनं डोळे पुसले, मान वर केली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘पोरा, अर्धं अगदी तुझ्या बापासारखं वाजलं.’

उरलेल्या अर्ध्याबद्दल ती काही बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही.